तयार कपडा आणि अंगाचे माप

पुणे–नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता हे दोन्ही जुन्नर तालुक्यात आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात. तेथून नगरच्या दिशेस थोडे पुढे गेले की राजुरी हे गाव लागते. जून महिना उजाडला की या गावी, आणि खरे तर त्या टापूतील कोणत्याही गावी, लहान मुले असलेल्या घरांत एक विषय हटकून निघतो : शाळा उघडण्यापूर्वी पोरांचे गणवेश व्हावयास हवेत.

पूर्वी याचा मार्ग एकच होता. कापड घ्यावयाचे, शिंप्याच्या दुकानी जावयाचे आणि मुलास त्याच्यापुढे उभे करावयाचे. शिंपी गळ्यातील टेप काढून छाती, तीरा, बाही, कंबर, उंची अशी मापे घेई, वहीत आकडे टिपी, आणि आई किंवा बाप पायरी उतरता उतरता सांगे, "काका, जरा वाढत्या अंगाचे शिवा हो." आज दुसरा मार्ग आहे आणि तोच अधिक रुळलेला आहे. बाजारपेठेतील दुकानात जावयाचे, दुकानदार मुलाकडे एकवार नजर टाकतो आणि विचारतो, "कितवा नंबर?"

शिंपी अंग पाहून कपडा करीत असे. दुकानात कपडा आधीच झालेला असतो आणि अंगाने त्यात बसावयाचे असते. मग हा नंबर कोणाच्या अंगावरून आला? राजुरीच्या मुलाचे अंग मोजावयास तर कोणी आलेले नव्हते. तयार कपडा ही शिवणयंत्राची करामत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. यंत्राने शिवण जलद केली, इतकेच. कपडा तयार मिळू लागला तो मापांच्या कोष्टकामुळे, आणि तयार कपड्याचे सारे सुख व सारे दुखणे त्या कोष्टकातच आहे.

तसे पाहिले तर तयार कपडा महाराष्ट्रास नवा नाही. नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही वस्त्रे विणकराच्या मागावरून उतरली की नेसावयास तयार. त्यांना नंबर नाही. एकच लुगडे सासूला होते, सुनेला होते आणि प्रसंगी नातीलाही होते. कारण तेथे माप कपड्यात नसून नेसण्यात असते. अंग जाड झाले तर निऱ्या कमी येतात, बारीक झाले तर अधिक येतात. न शिवलेल्या वस्त्राचा हा गुण फार जुन्या काळी व्यवहाराच्याही उपयोगी पडला. आळेफाट्यावरून जो रस्ता नाशिकास जातो, त्या नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने कायमचे ठेविले आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी व्यवस्था केली. हिशेब करून पाहिला तर तो बरोबर जुळतो : वर्षाचे व्याज २४०, आणि वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा म्हणजे २४०. त्या लेखात पैशाचा हिशेब आहे, भिक्षूंच्या अंगाचा नाही. उंच भिक्षू कोणता आणि ठेंगणा कोणता हे दात्यास ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

पुढे शिवलेले कपडे आले, तरी जुन्या शिंप्यांनी त्यांत अंगाला जागा ठेविलेली दिसते. बाराबंदीचे नावच तिच्या बंदांवरून पडले. बंद सैल करा किंवा आवळा, अंगरखा तोच राहतो. विजारीला नाडी असे, तिच्यात कोणतीही कंबर मावे. चोळी मात्र अंगाबरोबर बसावी लागे, म्हणून ती नेहमीच मापाने शिवली जाई. पण तिलाही पुढे गाठ होतीच. गोऱ्या साहेबाच्या पोषाखाबरोबर बटण आले तेव्हा हा प्रकार बदलला. बटण आणि काज यांची जागा एकदा ठरली की ती हलत नाही. कपड्याने अंगाशी तडजोड करावयाची हा रिवाज तेथे संपला, आणि शर्ट, पँट, कोट यांबरोबर नेमक्या मापाचे राज्य सुरू झाले.

या राज्यात शिंप्याने एक पळवाट राखून ठेविली, तिला तो माया म्हणतो. शिवणीच्या आत, दोन्ही कडांना सोडलेले जास्तीचे कापड ही माया. पँटचा पाय आत दुमडून ठेवावयाचा, मागच्या शिवणीत बोट दीड बोट कापड सोडावयाचे, मूल वाढले की टीप उसवून ती माया मोकळी करावयाची. या शब्दाचा मराठीत जो दुसरा अर्थ आहे, तो शिंप्यांनी जाणून योजिला की सहज जुळला हे कोशकारांनी पाहावे. परंतु एक गणवेश दोन वर्षे पुरविणाऱ्या संसारात दोन्ही अर्थ एकाच शिवणीत असत. अलुतेदारांच्या जुन्या याद्यांत शिंप्याचे नाव येते. त्याच्याकडे जाणारी घरे ठरलेली असत आणि त्या घरांतील माणसांची अंगे त्याला वर्षानुवर्षांच्या ओळखीने पाठ असत. कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोणाचे पोट सुटू लागले आहे, हे त्याला वही न उघडता सांगता येई.

आता यंत्राकडे वळू. शिवणयंत्राच्या इतिहासातील पहिलाच मोठा प्रसंग तयार कपड्याच्या पोटातला आहे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट मिळविले, आणि पुढे पॅरिसमध्ये सुमारे ऐंशी यंत्रे मांडून सैन्याचे गणवेश शिवण्यास आरंभ केला. १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने कारखान्यात शिरून ती यंत्रे मोडून टाकली. त्यांचे म्हणणे सरळ होते : या यंत्राने आमच्या पोटावर पाय येतो. नंतर अमेरिकेत एलियस हाव याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली आपापली पेटंटे घेतली. सिंगरचे नाव तर पुढे आपल्याकडील घराघरांत शिवणयंत्राचे दुसरे नावच होऊन बसले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की तेच यंत्र गावच्या शिंप्याच्या दुकानीही आले आणि त्याने त्याला मारले नाही, उलट तारले. हातशिलाईने जो सदरा दिवसभर पुरे, तो काही तासांत होऊ लागला. यंत्र शिंप्यापाशी होते आणि कारखान्यापाशीही होते. दोघांत भेद पडला तो मापाने.

माप प्रथम सैन्याने जमविले. हजारो शिपायांस एकदम कपडे द्यावयाचे तर प्रत्येकाला शिंप्यापुढे उभे करणे शक्य नसते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गणवेशांचे काम कारखान्यांकडे गेले, आणि शिपायांच्या मापांचे आकडे एकत्र झाल्यावर असे दिसून आले की काही मापे पुष्कळदा बरोबरीने येतात. अमुक छाती असली की बहुधा अमुक कंबर आणि अमुक बाही. या 'बहुधा'वर तयार कपड्याचा सारा व्यापार उभा आहे. १८६३ साली एबेनेझर बटरिक याने कागदी फर्मे निरनिराळ्या मापांत कापून विकण्यास प्रारंभ केला, आणि 'नंबर' ही कल्पना घरच्या शिवणापर्यंत पोहोचली.

कारखान्यात कपडा कसा होतो हे पाहिले म्हणजे नंबराचे महत्त्व अधिक कळते. आरंभी एकाच मापाचा मूळ नमुना करतात. तो एखाद्या माणसाच्या किंवा पुतळ्याच्या अंगावर चढवून, टाचण्या लावून, दहादा सुधारून पक्का करतात. या एका नमुन्यापुरती कारखान्यातही शिंप्याचीच नजर लागते. पुढचे सारे गणित. मूळ नमुना ३८ चा असेल तर ४० साठी छातीत इतके वाढवा, तीऱ्यात इतके, बाहीत इतके, मुंढ्यात इतके, असे ठरलेले आकडे असतात. त्या आकड्यांनी एका नमुन्यातून खालचे आणि वरचे सगळे नंबर काढले जातात. ४२ किंवा ४४ नंबरचा सदरा बहुधा कोणा प्रत्यक्ष माणसाकडे पाहून बेतलेला नसतो. ३८ किंवा ४० च्या माणसाला गणिताने फुगविलेले असते. ज्यांची अंगे मधल्या नंबरांपासून दूर आहेत त्यांना तयार कपडा अधिक त्रास का देतो याचे हे एक कारण होय.

नंतर लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरतात, कधी पन्नास, कधी शंभर, कधी त्याहून अधिक. वरच्या थरावर सर्व नंबरांचे फर्मे एकमेकांत बसवून मांडतात. ही मांडणी करणारा माणूस कारखान्यात फार मोलाचा, कारण कपड्याच्या खर्चात मोठा वाटा कापडाचा असतो आणि दोन फर्म्यांमध्ये वाया जाणारी चिंधी त्याच्या हातात असते. मग विजेवर चालणारे उभे पाते सर्व थर एकदम कापीत जाते. शिंपी एक सदरा बेततो त्या अवधीत येथे शेकडो सदऱ्यांचे तुकडे पडतात. पुढे कोणी फक्त कॉलर करतो, कोणी फक्त कफ, कोणी बाही जोडतो, कोणी काज करतो. संबंध सदरा असा कोणीच शिवीत नाही.

यात माया कोठे राहते? ती येथेच गळते. प्रत्येक सदऱ्यामागे दोन इंच कापड वाचले तर हजार सदऱ्यांमागे दोन हजार इंच, म्हणजे पन्नास मीटरांहून अधिक कापड वाचते. शिवाय ओव्हरलॉकचे यंत्र कड शिवता शिवताच जास्तीचे कापड छाटून टाकते. शिवण पक्की आणि सुबक होते खरी, पण उसवून मोकळे करावयास आत काही उरत नाही. तयार कपडा स्वस्त का, याचे निम्मे उत्तर पात्यात आणि निम्मे या छाटलेल्या कडेत आहे.

तयार कपड्याला आणखी एक अडचण होती, ती कापडाच्या आटण्याची. शिंप्याकडे कापड देण्यापूर्वी ते पाण्यातून काढण्याची जुन्या घरांत रीत होती. कारखान्यात तसे करीत बसणे परवडणारे नव्हते, आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटले की नंबर खोटा ठरे. १९३० च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट याने कापड यंत्रातच आधी आटवून घेण्याची रीत काढली. जुन्या मंडळींस कापडाच्या काठावरील 'सॅन्फोराइज्ड' हा छाप आठवत असेल. तो याच रीतीचा.

आता मुख्य प्रश्न. ते 'बहुधा' कितपत खरे? या बाबतीत दोन पाहण्या पुन्हा पुन्हा सांगण्यासारख्या आहेत. पहिली अमेरिकेतील. तेथील शेतकी खात्याने १९३९–४० साली सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी एकोणसाठ मापे घेतली आणि १९४१ साली ती प्रसिद्ध केली. पुढे १९५८ सालच्या तेथील प्रमाण-मापांस याच आकड्यांचा आधार होता. पण हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरली गेली. इतरांची वगळण्यात आली. म्हणजे कोष्टक झाले सर्वांसाठी, आणि अंगे मोजली गेली काहींची.

दुसरी पाहणी त्याहून विलक्षण आहे. अमेरिकेच्या हवाई दलातील गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांच्या मापांतून कपडे बेतण्यास उपयोगी अशी दहा मापे निवडली, प्रत्येकाची सरासरी काढली, आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती हे तपासले. १९५२ साली त्याचा अहवाल आला. उत्तर होते : एकही नाही. चार हजारांत एकही नाही! छाती सरासरीची असली तर बाही लांब, बाही बरोबर असली तर कंबर निराळी. शाळेतील निकालाची सरासरी काढणाऱ्याने सुद्धा हा अहवाल एकदा नजरेखालून घालावा. 'सरासरी माणूस' नावाचा कोणी नसतो, आणि तयार कपडा नेमका त्याच्यासाठी शिवलेला असतो. मग तो आपणास होतो कसा? तो थोडासा सैल असतो म्हणून, आणि थोडासा न होणारा कपडा चालवून घेण्याची आपण सवय केली आहे म्हणून.

भारतात तर कोष्टक दीर्घकाळ बाहेरचेच वापरात राहिले. इंग्लंड-अमेरिकेची मापे घ्यावयाची आणि अनुभवाने इकडे तिकडे खालीवर करावयाची. म्हणूनच एका कंपनीचा ४० नंबर दुसऱ्या कंपनीच्या ४२ एवढा निघतो. कोणी नंबर अंगाच्या छातीवरून देतो, कोणी सैलपणा धरून तयार सदऱ्याच्या मापावरून. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साह्याने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय अंगांची पाहणी हाती घेतली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग ही सहा शहरे, १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसे, आणि अंगाला टेप न लावता प्रकाशकिरणांनी सर्व बाजूंनी मोजणारी यंत्रे, अशी तिची योजना. काम मोलाचे आहे. पण १५ वर्षांखालील मुले तिच्यात नाहीत, आणि ज्यांचे माप दरसाल बदलते ती तर तीच.

या सर्वांत फॅशनचे स्थान कोणते, असे कोणी विचारील. पॅरिसमध्ये इव्ह साँ लोराँ याने १९६६ साली तयार कपड्यांचे स्वतंत्र दुकान काढले. तोपर्यंत नामांकित बेतकारांचे कपडे मुख्यतः गिऱ्हाइकाच्या अंगावर बेतूनच होत असत. त्यानंतर नवी तऱ्हा काढणे आणि ती हजारोंनी विकणे हा एकच धंदा होत गेला. आपल्याकडे त्या तऱ्हा सिनेमातून येतात आणि आठवडे बाजारातील दोरीवर टांगल्या जातात. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात थोडेच आहे.

महाराष्ट्रात तयार कपड्यांचा धंदा वाढला तो मात्र वेगळ्या वाटेने. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, आणि कापडाचे काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथील यंत्रमागांकडे अधिकाधिक गेले. जुन्नर-आंबेगावच्या माणसांचा मुंबईशी संबंध जुना. त्या भागातील कित्येक घरांनी हा बदल पगाराच्या पाकिटात पाहिला. शिवणीचे कारखाने मात्र मोठे झाले नाहीत, लहान लहान गाळ्यांत पसरले. याचे एक कारण सरकारी होते : तयार कपड्यांचे उत्पादन पुष्कळ वर्षे लघुउद्योगांसाठी राखून ठेविलेले होते, आणि २००० सालच्या वस्त्रोद्योग धोरणाने ते बंधन उठविले. शेजारच्या बांगलादेशात मोठमोठे कारखाने झाले, आणि त्यांतील स्वस्ताईची किंमत २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसे मेली तेव्हा जगास कळली. त्यांतील पुष्कळशा शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या.

आपल्या राज्यात गणवेशाचा खरा कारखाना सोलापूर हा होय. चादरींच्या आणि टॉवेलांच्या या गावी लहान-मोठ्या शेकडो शिवणगृहांत शाळांचे गणवेश होतात आणि ते परराज्यांतही जातात. २०१७ साली तेथे गणवेश उत्पादकांनी मोठे प्रदर्शनही भरविले होते. राजुरीच्या दुकानात 'कितवा नंबर' म्हणून जो डबा उघडतो, त्यातील सदरा सोलापूरचा असण्याचा संभव पुष्कळ.

आता ज्या प्रकरणामुळे या विषयास आज महत्त्व आले ते पाहू. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांस समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेश मोफत मिळतात. त्यासाठी प्रत्येकी ३०० याप्रमाणे ६०० रुपये ठरलेले होते. वर्षानुवर्षे हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडे येई आणि समिती गावात किंवा जवळपास कपडे शिवून घेई. या रीतीत दोष नव्हते असे नाही. कापड कधी हलके निघे आणि रंग गावोगाव निराळा. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' असे ठरविले, आणि २०२४–२५ या शालेय वर्षी कापड राज्याने एकत्र खरेदी करून पहिला गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून घेण्याची व्यवस्था झाली. दुसरा गणवेश स्काउट-गाइडच्या धर्तीचा. त्याचे कापड शाळांस द्यावयाचे आणि शिलाई समितीने स्थानिक पातळीवर करून घ्यावयाची, त्यासाठी शिलाई व किरकोळ खर्च मिळून ११० रुपये.

हेतू वाईट नव्हता. एकगठ्ठा खरेदीत कापड स्वस्त आणि एकसारखे मिळते, आणि गावच्या बायकांस काम मिळते, हे दोन्ही खरे. परंतु ज्या गोष्टीचा विचार कमी पडला ती मापाची होती. लक्षावधी मुलांचे कपडे इयत्तेवरून ठरविलेल्या नंबरांनी बेतावयाचे तर पाचवीतील मूल म्हणजे काय, याचे एकच उत्तर धरावे लागते. प्रत्यक्षात पाचवीच्या एका वर्गात डोके फळ्याच्या कडेस लागणारा मुलगा असतो आणि दप्तराहून थोडाच उंच असाही असतो. शिवाय मुले सर्व बाजूंनी सारखी वाढत नाहीत. शाळेच्या वयात मूल वर्षाला साधारण दोन ते अडीच इंच उंच होते. छाती त्या मानाने थोडीच वाढते. आणि बारा-तेराच्या सुमारास काही मुले एकाच वर्षात तीन-चार इंच वाढतात. कोष्टकातले नंबर मात्र एका ठरलेल्या पायरीने वर जातात. परिणाम वर्तमानपत्रांत आला : शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी पुष्कळ ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत, आणि जे पोहोचले त्यांतील कित्येक कोणाला आखूड, कोणाला ढगळ. १५ ऑगस्टचे झेंडावंदन अनेक मुलांनी जुन्याच कपड्यांत केले. शिलाईच्या दराबद्दल शिवणाऱ्यांचीही तक्रार होती, आणि ती रास्त होती. सदरा व पँट मिळून ११० रुपयांत दोरा, बटणे, वीज आणि मजुरी बसविणे ज्याला येईल त्याने तो हिशेब शिंप्यांसही शिकवावा.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरविला, आणि २०२५–२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

राज्याचे प्रकरण येथे मिटले. पण राजुरीच्या शिंप्याचे मिटलेले नाही. कारण समितीकडे पैसा परत आला म्हणून कपडा शिंप्याकडे परत येतोच असे नाही. समितीही तयार गणवेशांचा गठ्ठा मागवू शकते, आणि वेळ थोडा असला की तेच सोपे पडते. गावोगावच्या शिंप्यांच्या दुकानांत आज नवे कपडे शिवण्याचे काम थोडे आणि तयार कपडे दुरुस्त करण्याचे काम फार असते. पँटची उंची कमी करणे, कंबर आत घेणे, बाही आखूड करणे, चेन बदलणे. कारखान्याने जे 'बहुधा'वर सोडले ते येथे नेमके केले जाते, आणि त्याचे मोल तीस-चाळीस रुपयांपलीकडे सहसा जात नाही. स्त्रियांच्या पोलक्याचे काम मात्र त्याच्याकडे किंवा घरी शिवणाऱ्या बायकांकडे टिकून आहे. चोळीच्या बाबतीत नंबराने अजून हार खाल्ली आहे, साडी तयार मिळाली तरी पोलके अंगावरच बेतावे लागते. आत घेणे सोपे असते, बाहेर सोडणे कठीण. म्हणून दुरुस्तीच्या कामात शिंपी बहुधा एक नंबर मोठा घ्यावयास सांगतो.

ज्या घरांत वाढती मुले आहेत त्यांनी तयार गणवेश घेताना नंबर विचारण्यापूर्वी कपडा उलटा करून पाहावा. पँटच्या पायाची दुमड दोन इंच तरी आहे काय. मागच्या मधल्या शिवणीत बोटभर माया आहे, की ओव्हरलॉकने ती छाटून टाकली आहे. सदऱ्याच्या बाहीच्या टोकास किती कापड वळविले आहे. मुलास तीरा बरोबर बसतो काय हे प्रथम पाहावे, कारण तीरा व मुंढा दुरुस्त करणे सर्वांत अवघड; कंबर आणि उंची मागाहून बदलता येते. हात वर करावयास सांगावे आणि खाली बसवून पाहावे, कारण मुले शाळेत अर्धा दिवस मांडी घालून बसतात. कापड सुती असेल तर पहिल्या धुण्याआधी उंची कापू नये. आणि दोन दुकानांत नंबर तोच असला तरी अंगावर घालून पाहिल्याशिवाय दुसरा गणवेश घेऊ नये.